गुडघ्याखाली चार बोटं

मुलांनो, आज एक करा. आपण दहा वर्षांचे आहोत असं समजा. जे दहाचेच आहेत त्यांना काहीच करायला नको. तुम्ही तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, एका लांब वऱ्हांड्यात, फरशीवर बसला आहात. पाठीला भिंत आहे. नाकात फिनेलचा वास आहे. मांडीवर पितळी डबा आहे आणि तो अजून कोमट लागतो आहे. समोर एक दार आहे. त्या दाराआड तुमचा चार वर्षांचा भाऊ खाटेवर पडलेला आहे, आणि आत जायची तुम्हाला मनाई आहे. उंबऱ्यापर्यंत जायचं, डबा ठेवायचा, मागे यायचं.

बसलात? मग आता मी सांगते, कारण तिथे मी बसले होते.

माझ्या भावाचं नाव श्रीपती. घरात सगळे त्याला शिरप्या म्हणत. त्याला घटसर्प झाला होता. हा आजार तुम्ही पाहिलाही नसेल, कारण तुम्हाला अगदी लहानपणी त्याची लस टोचलेली असते. आमच्या वेळी आमच्या आळीत कोणी टोचून घेत नसे. या आजारात घशात पांढरट पडदा धरतो आणि श्वासाची वाट हळूहळू बंद होत जाते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो, म्हणून शिरप्याला मुलांच्या वॉर्डापासून वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. आत फक्त आई.

दार उघडलं आणि देऊस्करबाई बाहेर आल्या. अंगावर मागे नाड्या बांधायचा निळा झगा होता. तो त्यांनी काढून दाराच्या आतल्या खुंटीला अडकवला आणि वऱ्हांड्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले. झग्याखाली पिवळी सुती साडी, हिरव्या बुट्ट्यांची. गळ्यात छाती तपासायची नळी.

“मथुरा, डब्यात काय आणलंस?”

“मऊ भात. आणि आईला भाकरी.”

“भात त्याला आज गिळवणार नाही. उद्या पातळ पेज आण. आता आ कर बघू.”

मी आ केला.

“छान. तुझा घसा स्वच्छ आहे. काल टोचलं तिथे दुखतंय?”

“नाही,” मी म्हणाले. दुखत होतं.

मग त्यांनी आईला उंबऱ्याशी बोलावलं आणि आपल्याच गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. “हे बघा, इथे खाली, दोन हाडांच्या मध्ये. श्वास घेताना इथे खळगा पडायला लागला, घशातून चिरका आवाज यायला लागला, की थांबायचं नाही. सिस्टर रूथ असल्या तर त्यांना सांगा. त्या नसल्या तर सरळ मला. मी इथेच असते, वीस पावलांवर, मुलांच्या वॉर्डात.”

“मग काय करायचं असतं?” आईने विचारलं.

“इथे बारीक छिद्र पाडून नळी घालायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण पोर श्वास घ्यायला लागतं. काम थोडक्या मिनिटांचं आहे. उशीर मात्र चालत नाही.”

आईने मान हलवली. डबा हातात धरून मीही हलवली.

संध्याकाळी अण्णा आले. गळ्यात मोजमापाची फीत तशीच लोंबत होती. दुकानातून निघताना ती काढायचं त्यांना कधी भान नसायचं. आईने उंबऱ्यापाशी येऊन बाईंचं बोलणं सांगितलं.

“गळा कापायचा? कोण म्हणालं?”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या.”

“ती पिवळ्या साडीवाली?” अण्णा नाकातून हसले. “ती कसली डॉक्टरीण! शिकाऊ आहे. कोट मीच शिवून दिलाय, पण तो घालायची तिची पायरी अजून आली नसेल. तिला म्हणावं, शिकायचं तर दुसऱ्याच्या पोरावर शिक. काही झालं तर खऱ्या डॉक्टरला बोलवा. ऐकलंस का गं मथे?”

“हो अण्णा.”

अण्णा शिंपी होते. रुग्णालयातले झाडून सगळे पांढरे कोट आमच्या दुकानात शिवले जात. वर्षातून एकदा कापडाचे तागे येत आणि घरभर पांढरं पांढरं होऊन जाई. त्या कोटांना कायदा होता. डॉक्टरांचा कोट गुडघ्याखाली चार बोटं, बाही मनगटापर्यंत, खिसे तीन. कंपाउंडर आणि बाकीच्यांचा कोट कमरेखाली एक वीत, बाही कोपरापर्यंत, खिसा एक. फितीचं दुसरं टोक धरायला मी असायची. अण्णा तोंडात खडूचा तुकडा धरून बोलायचे, “तोंडाकडे बघू नकोस मथे, तोंडं सगळ्यांची सारखीच. कोटाची लांबी बघ.” शाळेत इतर मुलींना जसे पक्षी ओळखता यायचे, तशी मला रुग्णालयातली माणसं पाठमोरी ओळखता यायची.

देऊस्करबाईंचा कोटही अण्णांनीच शिवला होता. महिनाभरात तो घेऊन त्या दुकानात आल्या होत्या.

“अवसरे, पांढरा नको. ह्याच मापाचा फुलाफुलांच्या कापडाचा एक करून द्या ना. पोरं पांढरा बघितला की किंचाळतात हो.”

“बाई,” अण्णा म्हणाले, “मी दवाखान्याचा शिंपी आहे, तमाशाचा नव्हे.”

बाई हसल्या आणि कोट काखेत घेऊन निघून गेल्या. त्यानंतर तो त्यांच्या अंगावर मी पाहिला नाही. मुलांच्या वॉर्डाच्या दारामागे तो नुसता टांगलेला असे.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब, म्हणजे डॉक्टर हुपरीकर, फेरीला आले. मी वऱ्हांड्यात वॉर्डाच्या खिडकीखाली बसले होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

“डॉक्टर देऊस्कर, कोट कुठे आहे?”

“खुंटीवर, सर.”

“मग पोरांना खुंटीच तपासणार आहे का?”

सिस्टर रूथना हसू आलं असावं, कारण त्या एकदम खोकल्या.

“सर, मी कोट घालून आत आले की बावीस पोरं एकदम भोकाड पसरतात. त्यांना वाटतं, आता सुई. रडणाऱ्या पोराच्या छातीत मला काही ऐकू येत नाही. आणि ती लांब बाही या खाटेवरून त्या खाटेवर घासत जाते. या पोराचं त्या पोराला नको ते पोचवते.”

“ते खरं असेल. पण खेड्यातून आलेल्या बापाने डॉक्टर कोणता हे कशावरून ओळखायचं?”

“विचारेल की.”

“नाही विचारत हो.” साहेबांचा आवाज खाली आला. “माझी सव्वीस वर्षं नोकरी झाली. आपली माणसं विचारत नाहीत. नुसती बघतात, आणि बघून ठरवतात.”

“मला आठ दिवस द्या, सर. पोरं आत्ता कुठे जवळ यायला लागलीत.”

“आठ दिवस. नवव्या दिवशी लेखी देईन.”

साहेब गेले. मी टाचा उंचावून खिडकीतून पाहिलं. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. कानाला पट्टी बांधलेला एक बारका मुलगा त्यांच्या नळीचं टोक त्यांच्याच गुडघ्याला लावून गंभीर चेहऱ्याने ऐकत होता.

“काय म्हणतो गुडघा?” त्यांनी विचारलं.

“भूक लागलीय म्हणतो.”

वॉर्डातली सगळी मुलं हसली. मीसुद्धा हसले. आणि लगेच मनात आलं, अण्णा म्हणतात ते बरोबर. खरे डॉक्टर असं करत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेज घेऊन गेले. सिस्टर रूथ औषधं आणायला कोठीवर गेल्या होत्या. उंबऱ्यावर डबा ठेवला आणि मला तो आवाज आला. आपण ओला हात काचेवर घासतो ना, तसा. शिरप्या खाटेवर उठून बसला होता. दोन्ही हातांनी त्याने खाटेची कड धरली होती. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये, दर श्वासाला सुपारीएवढा खळगा पडत होता.

“मथे!” आई ओरडली. “डॉक्टरांना आण! पळ!”

मी पळाले.

वीस पावलांवर मुलांचा वॉर्ड होता. दार सताड उघडं होतं. देऊस्करबाई दारासमोरच जमिनीवर बसून एका मुलीला गोळी भरवत होत्या. माझी पावलं ऐकून त्यांनी वर पाहिलं.

“मथुरा? काय गं?”

“काही नाही,” मी म्हणाले, आणि पुढे पळाले.

ह्याला आता छप्पन्न वर्षं झाली. मी का तसं म्हणाले, हे तुम्ही विचाराल, म्हणून सांगून टाकते. आईने डॉक्टर आणायला सांगितलं होतं. समोर शिकाऊ बाई होती. तिला कळलं असतं तर ती खरा डॉक्टर यायच्या आत शिरप्याचा गळा कापायला धावली असती. आणि खरा डॉक्टर कसा दिसतो, हे मला त्या गावातल्या कोणत्याही मुलीपेक्षा नीट माहीत होतं.

मधलं अंगण ओलांडून मी मोठ्या इमारतीत शिरले. बाह्यरुग्ण विभाग दुपारी बंद असे. बाकं रिकामी होती. साहेबांच्या खोलीला कडी होती. मी लांबलचक बोळातून धावत राहिले, आणि त्या बोळाच्या अगदी टोकाला मला तो दिसला. पाठमोरा. पांढरा. पाठीवरची शिवण सरळ, बाही मनगटापर्यंत, आणि घेर गुडघ्याखाली बरोबर चार बोटं. शिवण अण्णांचीच होती. मला इतका आनंद झाला!

“डॉक्टर!”

तो माणूस वळला. चाळिशीचा, चष्मेवाला. त्याच्या हातात चौकटीत अडकवलेली काळी ओली फिल्म होती.

“डॉक्टर, माझा भाऊ... त्याला खळगा पडतोय.”

“कुठल्या वॉर्डात?”

“वेगळ्या खोलीत. घटसर्प झालाय.”

तो एक पाऊल मागे सरकला. “असं होय. थांब हं. एवढ्या फिल्मा धुवून आलोच. दारावर हा लाल दिवा आहे ना, तो लागलेला असेपर्यंत दार ढकलायचं नाही. सगळ्या फुकट जातील. इथून हलू नकोस, कळलं?”

“हो, डॉक्टर.”

माझ्या त्या शब्दावर तो थोडा हसला. मग आत गेला आणि दारावरचा लाल दिवा लागला.

मी हलले नाही. सांगितलेलं ऐकायचं, ही माझी ख्याती होती. शाळेतही आणि घरीही. दिव्याकडे बघत मी मनात पाढे म्हणायला लागले. बे झाला, तीन झाला, चार झाला. सातावर अडखळले, म्हणून तो पहिल्यापासून पुन्हा म्हटला. आठ झाला. नऊ झाला. दाराआड पाणी वाहिल्याचा आवाज येत होता आणि तो गुणगुणत होता. मला धीर वाटत होता. डॉक्टर सापडलाय, आता येतोच आहे. तेराचा पाढा अर्ध्यावर असताना दिवा विझला.

तो हात पुसत बाहेर आला. “अरे! तू अजून इथेच? मला वाटलं, गेलीस.”

“चला ना, डॉक्टर.”

“मी येऊन काय करणार बाळ? मी एक्स-रे काढतो. तुमच्या तिकडे देऊस्करबाई असतील बघ, त्यांना सांग. त्या डॉक्टर आहेत. जा, पळ.”

मी कशी परत आले ते आठवत नाही. खोलीचं दार उघडं होतं. निळा झगा खुंटीवरच होता. बाईंना तो घालायलाही वेळ मिळाला नव्हता. त्यांच्या पिवळ्या साडीवर रक्त होतं. शिरप्याच्या गळ्यात चांदीसारखी एक लहान नळी होती. सिस्टर रूथ त्याचं डोकं धरून उभ्या होत्या आणि बाई दोन्ही हातांनी त्याची छाती दाबत होत्या, सोडत होत्या, दाबत होत्या. बराच वेळ त्या तेच करत राहिल्या. मग सिस्टर रूथनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“बाई. पुरे.”

बाई थांबल्या. आईकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, “खळगा केव्हापासून पडत होता? मला आत्ता सिस्टरनी सांगितलं.”

“मथीला पाठवलं होतं की हो,” आई म्हणाली. तिच्या आवाजात रडणं अजून उतरलं नव्हतं. “मघाशीच पाठवलं होतं. मथीला पाठवलं होतं मी.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

घरी अण्णा दोन दिवस मशीनवर बसून होते. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं, नुसते पाय मारत होते. तिसऱ्या दिवशी ते शाळेच्या हेडमास्तरांकडे गेले आणि त्यांच्याकडून अर्ज लिहून आणला. मला वाचता येत होतं. ‘माझी मुलगी डॉक्टरला शोधत फिरली. डॉक्टर कोटाशिवाय बसल्या होत्या. त्यामुळे मुलीला त्या डॉक्टर असल्याचे समजले नाही. माझा मुलगा गेला.’

“बरोबर आहे ना?” अण्णांनी मला विचारलं. त्यांचे डोळे सुजले होते. “तू तिला ओळखलं नाहीस. होय ना, मथे?”

आई चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. मी काहीच बोलले नाही, आणि अण्णांनी ते ‘हो’ धरलं.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. अण्णा मला सायकलवर मागे बसवून घेऊन गेले. आई आली नाही. खोलीत साहेब होते, सिस्टर रूथ होत्या, एक्स-रेवाले लोखंडे होते. आज लोखंड्यांच्या अंगावर आखूड कोट होता, अर्ध्या बाहीचा. देऊस्करबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी लांब पांढरा कोट घातला होता, सगळी बटणं लावून.

साहेब आधी लोखंड्यांकडे वळले. “मुलीने तुम्हाला डॉक्टर म्हणून हाक मारली. तुम्ही नाही म्हणाला नाहीत?”

“हाक मारतात, सर, सगळेच. कुणाकुणाला सांगत बसू?”

“आणि डॉक्टरच्या मापाचा कोट तुमच्या अंगावर कसा?”

“मीच शिवून घेतला, सर. आखूड कोटाचं कुणी ऐकत नाही हो. हात वर करा म्हटलं तरी करत नाहीत. ‘डॉक्टरांना बोलवा, मग करतो’ म्हणतात.”

“कुणाकडून शिवून घेतला?”

लोखंड्यांनी मान नुसती अण्णांकडे वळवली.

“अवसरे?”

अण्णा खालच्या फरशीकडे बघत होते. “कापड उरलं होतं, साहेब. गिऱ्हाईक म्हणालं लांब पाहिजे, मी लांब शिवला.” आणि मग एकदम त्यांचा आवाज चढला. “पण ह्या बाईने कोट घातला असता, तर माझ्या पोरीने हिलाच नसतं का बोलावलं? वीस पावलांवर बसली होती ही! वीस पावलांवर, साहेब! गोळ्या भरवत!”

बाहेर नळाखाली कोणी तरी बादली सरकवली, तेवढाच आवाज झाला.

साहेबांनी चष्मा काढला आणि ते माझ्याकडे थोडे वाकले. “बाळ, घाबरू नकोस. तुला कोणी रागावणार नाही. तू मुलांच्या वॉर्डावरून गेलीस, तेव्हा या बाई आत होत्या. या डॉक्टर आहेत हे तुला माहीत होतं का?”

अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. कात्री धरून धरून त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडलेला होता, तो मला फ्रॉकमधून टोचत होता. मी ‘हो’ म्हणाले तर पुढचा प्रश्न येणार होता: मग सांगितलं का नाहीस? आणि त्याचं उत्तर अण्णा होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मला वाटलं, त्या कुणी तरी बाई आहेत.”

साहेबांनी सुस्कारा टाकला. “डॉक्टर देऊस्कर, तुम्हाला हिला काही विचारायचंय?”

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या मला नावाने हाक मारत. त्यांनी माझा घसा पाहिला होता, माझ्या दंडात सुई टोचली होती, त्या दिवशी दारातून ‘काय गं?’ म्हणून विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं. एवढंच बोलल्या असत्या तर पुरलं असतं.

“नाही, सर,” त्या म्हणाल्या. “दहा वर्षांची मुलगी आहे. तिला काय विचारायचं?”

साहेबांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिताच ते बोलत होते. बाईंची बदली होईल. लोखंड्यांना ताकीद. आणि आजपासून रुग्णालयातल्या प्रत्येक डॉक्टरने, कोणत्याही वॉर्डात, कामाच्या पूर्ण वेळ कोट घातलाच पाहिजे. तो हुकूम पुढे कित्येक वर्षं त्या भिंतीवर काचेत लावलेला होता. मी मोठी झाले, शाळेत शिकवायला लागले, तरी तो तिथे होता. हुकूम वाईट होता असं मी म्हणत नाही. तो माझ्या एका शब्दावर निघाला होता, आणि तो शब्द खोटा होता.

आम्ही बाहेर पडलो. अण्णा सायकल काढायला फाटकापाशी गेले. “तहान लागलीय,” असं सांगून मी मागे वळले आणि वऱ्हांड्यात आले.

मुलांच्या वॉर्डातून रडण्याचा गलका येत होता. एक थांबला की दुसरा. देऊस्करबाई दारातून बाहेर आल्या आणि वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. कोट अंगावरच होता.

“बाई.”

त्यांनी पाहिलं.

“मला माहीत होतं,” मी म्हणाले. “तुम्ही डॉक्टर आहात ते.”

“हो,” त्या म्हणाल्या. “मला माहीत आहे, तुला माहीत होतं.”

“मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? मी म्हणाले असते, मुलगी खोटं बोलते. तुझे वडील म्हणाले असते, बाई खोटं बोलते. आणि तू मधे उभी राहिली असतीस.” त्या खाली बसल्या. कोटाचा घेर फरशीवर पसरला. “मथुरा, नीट ऐक. तुझा भाऊ तुझ्यामुळे गेला नाही. हे मी तुला डॉक्टर म्हणून सांगते. आजार वाईट होता. लवकर कळलं असतं तरी वाचलाच असता, असं मी कुणाला लिहून देणार नाही. पण आत्ता तिथे जे बोललीस, ते मात्र तुझं आहे. ते माझ्याने नाही बदलायचं.”

“आता सांगितलं तर?”

“साहेब अजून आत आहेत. दार उघडं आहे.” त्यांनी बोटाने दाखवलं नाही, नुसतं त्या दिशेला पाहिलं. “मी तुला घेऊन जाणार नाही. जा असंही म्हणणार नाही.”

वॉर्डात कोणी तरी जोरात किंचाळलं. बाई उठल्या आणि आत गेल्या, आणि आतला गलका दुप्पट झाला.

अंगणापलीकडे साहेबांच्या खोलीचं दार खरंच उघडं होतं. मला तिथून त्यांचं कोपर दिसत होतं. ते हलत होतं, म्हणजे लिहिणं अजून संपलं नव्हतं. मी अंगणात उतरले. दारापर्यंत तीस-चाळीस पावलं असतील. मी निम्म्यापर्यंत गेले.

“मथे!” फाटकातून अण्णांची हाक आली. सायकल एका हाताने धरून ते उभे होते. दुसऱ्या हाताने त्यांनी तोंड पुसलं. उन्हात ते एकदम म्हातारे दिसत होते. “मथे, चल की गं!”

मी साहेबांच्या कोपराकडे पाहिलं. मग वळले, फाटकापर्यंत चालत गेले, सायकलच्या कॅरिअरवर चढून बसले, आणि अण्णांची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली.